दात्याची फुफ्फुसं नाशिकहून नेताना: थंडी किती, हवा किती, वेळ किती

मेंदूमृत रुग्णाच्या घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला की मूत्रपिंडं, यकृत आणि डोळे बहुतेक वेळा कुणाच्या तरी उपयोगी पडतात. फुफ्फुसं मात्र मागे राहतात. जगात बऱ्याच ठिकाणी पाच दात्यांमागे जेमतेम एखाद्याचीच फुफ्फुसं वापरली जातात. कारणं उघड आहेत. अपघातात उलटी श्वासनलिकेत गेलेली असते, व्हेंटिलेटरवर चार दिवसांत न्यूमोनिया झालेला असतो, सलाईन जास्त गेल्यानं फुफ्फुसांत पाणी साचलेलं असतं. यातलं पहिलं कारण आपल्या हातात नाही. बाकीची दोन पुष्कळशी आहेत.

प्रत्यारोपण करणारी टीम मुंबई, पुणे किंवा चेन्नईहून येते आणि चार-पाच तासांत निघून जाते. त्याआधीचा दीड-दोन दिवसांचा काळ नाशिकच्या आयसीयूचा असतो. म्हणून हा लेख इथल्या आयसीयूतल्या डॉक्टरांसाठी, सिस्टरांसाठी, ओटी टेक्निशियनसाठी आणि अवयवदान समन्वयकांसाठी आहे. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण वापरातले आहेत. येणाऱ्या टीमचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर त्यांचाच चालेल. पण तो प्रोटोकॉल असा का आहे हे ठाऊक असलं की आपल्या हातून कमी चुका होतात.

आयसीयूत: ॲप्निया टेस्ट आणि पाणी

कायद्याप्रमाणे मेंदूमृत्यूचं निदान चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा करायचं असतं. दोन्ही वेळी ॲप्निया टेस्ट (व्हेंटिलेटर काढून रुग्ण स्वतः श्वास घेतो का हे पाहणं) होते आणि फुफ्फुसांना सगळ्यात मोठा फटका तिथेच बसतो. व्हेंटिलेटर काढला की आतला दाब शून्यावर येतो आणि पाठीकडचे, खालचे भाग मिटून जातात. नंतर कुणी लक्ष दिलं नाही तर ते मिटलेलेच राहतात. सहा तासांनी पुन्हा तेच. एक्स-रेवर खाली पांढरं दिसू लागतं, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि फोनवर पलीकडून उत्तर येतं, ‘फुफ्फुसं नकोत.’

टाळायला सोपं आहे. नळी मोकळी सोडून आत ऑक्सिजनचा कॅथेटर घालण्याऐवजी टेस्ट सीपॅपवर (फुफ्फुसांत सतत दाब ठेवणाऱ्या साधनावर) करा, म्हणजे दाब टिकून राहतो. टेस्ट संपली की लगेच रिक्रूटमेंट करा, म्हणजे दाब देऊन मिटलेले भाग पुन्हा उघडा. सक्शनसाठी बंद सर्किट वापरा, म्हणजे दरवेळी नळी उघडावी लागत नाही. व्हेंटिलेटरवर टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात आत जाणारी हवा) उंचीवरून काढलेल्या वजनाप्रमाणे किलोमागे ६ ते ८ मिली आणि पीप (श्वास सोडल्यावरही आत राहणारा दाब) ८ ते १० ठेवा. २०१० साली ‘जामा’मध्ये छापून आलेल्या युरोपातल्या अभ्यासात नेमकं हेच केलं होतं. जुन्या पद्धतीनं सांभाळलेल्या दात्यांपैकी २७ टक्क्यांची फुफ्फुसं वापरता आली, या पद्धतीनं सांभाळलेल्यांपैकी ५४ टक्क्यांची. नवं यंत्र नाही, महागडं औषध नाही, फक्त सेटिंग बदललं आणि आकडा दुप्पट झाला. या विषयातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा अभ्यास हाच.

आता पाण्याबद्दल. मूत्रपिंडांसाठी लघवी भरपूर व्हावी म्हणून सढळ हातानं सलाईन देण्याची सवय आपल्याकडे फार पक्की आहे. मेंदूमृत्यूच्या वेळी शरीरात ॲड्रेनलीनचा जो लोंढा येतो त्यानं फुफ्फुसांच्या केशवाहिन्या आधीच गळक्या झालेल्या असतात. वरून दिलेलं पाणी थेट वायुकोशांत झिरपतं. सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) ८ च्या खाली ठेवा, रक्तदाबासाठी व्हॅसोप्रेसिन वेळेवर सुरू करा. लघवी धो धो होत असेल तर डायबेटिस इन्सिपिडस (मेंदूतलं हार्मोन बंद झाल्यानं लघवी न थांबणं) आहे हे ओळखून त्याचा उपचार करा. पाणी बेतानं दिल्यामुळे मूत्रपिंडांचं नुकसान होतं असं आढळलेलं नाही, त्यामुळे दोन टीमनी यावरून भांडायचं कारण नाही.

डोक्याकडची बाजू ३० अंश वर, श्वासनळीतल्या नळीच्या कफचा (फुग्याचा) दाब किमान २५ सेंमी पाणी, दर दोन तासांनी कूस बदलणं, किलोमागे १५ मिलीग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन आणि जमल्यास एक ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीनं श्वासनलिकांची तपासणी). एवढं व्हायलाच हवं.

फुफ्फुसं घ्यायची की नाही हे ज्या एबीजीवर (धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीवर) ठरतं ती १०० टक्के ऑक्सिजन आणि ५ पीपवर काढतात आणि पीएफ रेशो (रक्तातला ऑक्सिजन भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ३०० च्या वर असावा अशी अपेक्षा असते. ती काढण्याआधी सक्शन करा, रिक्रूटमेंट करा, थोडा वेळ जाऊ द्या. ॲप्निया टेस्टनंतर दहा मिनिटांत काढलेली एबीजी पाठवणं म्हणजे चांगल्या फुफ्फुसांवर स्वतःच फुली मारणं. पहिला आकडा २२० आला म्हणून फाईल बंद करू नका. दोन तास नीट सांभाळून पुन्हा काढा.

थंडी नेमकं काय करते

शरीराचं तापमान दर १० अंशांनी उतरलं की पेशींची ऑक्सिजनची गरज साधारण निम्मी होते. ३७ वरून ४ अंशांवर आलं की ती दहाव्या हिश्शाच्या आसपास उरते. रक्तपुरवठा बंद असताना अवयव काही तास टिकतो तो याच हिशोबावर.

फुफ्फुसांची गोष्ट बाकी अवयवांपेक्षा थोडी वेगळी. मूत्रपिंडाला ऑक्सिजन फक्त रक्तातून मिळतो. फुफ्फुसाच्या वायुकोशांत हवा असेल तर रक्त नसतानाही पेशी तिच्यातून थेट ऑक्सिजन घेतात. म्हणूनच फुफ्फुसं फुगवून ठेवतात. साठवणीत असताना ती हळूहळू श्वास घेतच असतात, आणि ही चयापचय पूर्णपणे बंद पाडणं आपल्याला नको असतं.

शून्याजवळ नेमकं तेच होतं. पेशीच्या भिंतीवरचा सोडियम-पोटॅशियम पंप थंडावतो, सोडियम आत शिरतो, मागोमाग पाणी शिरतं आणि पेशी सुजते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया दुखावतात. बॉक्समध्ये असताना यातलं काहीच दिसत नाही. सहा-सात तासांनी गरम रक्त पुन्हा वाहू लागलं की दुखावलेल्या मायटोकॉन्ड्रियातून घातक ऑक्सिजन रेणू बाहेर पडतात, केशवाहिन्या गळतात आणि नवं फुफ्फुस पाण्यानं भरतं. पहिल्या ७२ तासांत दिसणाऱ्या या प्रकाराला प्रायमरी ग्राफ्ट डिसफंक्शन म्हणतात. प्रत्यारोपणानंतरच्या सुरुवातीच्या मृत्यूंमागे ते एक मोठं कारण आहे.

नाशिककरांना हे सांगायला फार कष्ट पडत नाहीत. द्राक्षं शून्याजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आठवडेच्या आठवडे राहतात, पण त्याच खोलीत टोमॅटो ठेवला तर बाहेर काढल्यावर तो पाणचट आणि डागाळलेला निघतो. फुफ्फुस टोमॅटोच्या जातीचं आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये: फ्लश

फ्लश म्हणजे फुफ्फुसांतलं रक्त धुऊन काढून त्या जागी थंड द्रव भरणं. पूर्वी यासाठी युरो-कॉलिन्स वापरत. ते मुळात मूत्रपिंडांसाठी बनवलेलं आणि पोटॅशियमनं भरलेलं. पोटॅशियम जास्त असलं की फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि द्रव सगळीकडे पोचत नाही. आता कमी पोटॅशियमचं, डेक्स्ट्रानयुक्त द्रावण वापरतात. बाजारात ते परफाडेक्स नावानं ओळखलं जातं. त्यात लिटरमागे फक्त ६ मिलीमोल पोटॅशियम असतं, ५ टक्के डेक्स्ट्रान-४० असतं आणि थोडं ग्लुकोज असतं. डेक्स्ट्रान पाणी वाहिनीतच धरून ठेवतो आणि तांबड्या पेशींना गोळा होऊ देत नाही.

इथे एक गोष्ट पिशव्या फ्रिजमधून काढतानाच तपासा. या द्रावणाच्या जुन्या प्रकारात वापरण्याआधी थॅम हा बफर आणि कॅल्शियम मिसळावं लागतं. ‘प्लस’ प्रकारात दोन्ही आधीच असतात. जुन्या पिशवीत बफर घालायचं राहिलं तर द्रावण आम्लधर्मी राहतं आणि तेच लिटर-लिटरनं फुफ्फुसांत जातं. काय मिसळलं, किती, कुणी, हे मार्करनं पिशवीवरच लिहा.

क्रम असा. किलोमागे सुमारे ३०० युनिट हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) शिरेतून दिलं की ते शरीरभर फिरायला तीन मिनिटं थांबायचं. मुख्य पल्मनरी आर्टरीत (हृदयातून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत) कॅन्युला, म्हणजे नळी बसवायची. क्रॉस क्लॅम्प (महाधमनी बंद करणारा चिमटा) लावण्याच्या अगदी आधी ५०० मायक्रोग्रॅम प्रोस्टाग्लँडिन ई-१ त्याच आर्टरीत द्यायचं. ते फुफ्फुसांच्या वाहिन्या मोकळ्या करतं, पण रक्तदाबही झपाट्यानं पाडतं, म्हणून आधी देऊन ठेवायचं नाही आणि भूलतज्ज्ञाला सांगितल्याशिवाय तर नाहीच. मग क्लॅम्प, डाव्या ॲट्रियमच्या (हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या) अपेंडेजला छेद आणि फ्लश सुरू.

द्रव ४ ते ८ अंशांचा, किलोमागे ५० ते ६० मिली. पिशवी हृदयापासून साधारण ३० सेंमी वर. याहून उंच टांगायची नाही आणि प्रेशर बॅग तर बिलकुल लावायची नाही. घाईत कुणीतरी ‘मामा, स्टँड जरा वर घ्या’ म्हणतं तेव्हा नाजूक केशवाहिन्या तिथेच फाटतात. फ्लश चालू असताना व्हेंटिलेटर बंद करू नये, कारण फुगलेल्या फुफ्फुसातच द्रव सारखा पसरतो. ऑक्सिजन ५० टक्क्यांवर आणा, १०० वर ठेवण्यात फायदा नाही, तोटा आहे. छातीत बर्फाळ सलाईन ओतत राहा आणि ॲट्रियममधून येणारं कोमट रक्त ताबडतोब ओढून घ्या. फुफ्फुस त्या कोमट डबक्यात पडून राहिलं तर आतून गार आणि बाहेरून गरम असा विचित्र प्रकार होतो.

डोळ्यांनी बघण्याची खूण म्हणजे रंग. गुलाबी-करडं फुफ्फुस वरून खाली पांढरं होत जातं. एखादा पट्टा, बहुधा मागच्या बाजूचा, गुलाबीच राहिला तर तिथे द्रव पोचलेला नाही. हात घालून तो भाग हलकेच उचला. बऱ्याचदा तो भाग नुसता दाबला गेलेला असतो किंवा मिटलेला असतो, आणि उघडला की दोन-तीन श्वासांत पांढरा होतो.

यानंतर उलटा फ्लश. फुफ्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या चारही पल्मनरी व्हेनमधून प्रत्येकी सुमारे २५० मिली द्रव उलट दिशेनं सोडायचा आणि आर्टरीतून काय बाहेर येतं ते बघायचं. पहिल्यांदा हे बघणाऱ्याला धक्का बसतो. सरळ फ्लशनंतर स्वच्छ झालं असं वाटणाऱ्या फुफ्फुसातून काळपट गुठळ्यांचे धागे आणि कधीकधी मोठं हाड मोडलेल्या दात्याच्या चरबीचे थेंब तरंगत बाहेर येतात. अपघाताचे दाते आपल्याकडे जास्त असतात, त्यामुळे ही पायरी वेळ नाही म्हणून गाळू नये. बाहेर येणारा द्रव स्वच्छ होईपर्यंत ती चालू ठेवायची. श्वासनलिकांच्या भिंतींपर्यंतही द्रव याच वाटेनं चांगला पोचतो.

हवा भरणं आणि पिशव्या

श्वासनलिका स्टेपल करण्याआधी फुफ्फुसं पूर्ण नव्हे, मध्यम फुगवायची. दाब १५ ते २० सेंमी पाणी, ऑक्सिजन ५० टक्के. मिटलेलं फुफ्फुस वाईट, आणि तट्ट फुगवलेलंही वाईट. विमानानं जाणार असाल तर आणखी हात राखून. केबिनमधला दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेएवढा असू शकतो आणि त्यात नाशिकमध्ये बंद केलेली हवा जवळपास एक चतुर्थांशानं फुगते. रस्त्यानं मुंबईला जाताना उलट आपण सहाशे मीटरवरून समुद्रसपाटीला उतरतो, हवा किंचित आवळते. त्याची काळजी नको.

पिशव्या तीन. पहिलीत फुफ्फुसं पूर्ण बुडतील एवढं तेच थंड द्रावण, हवा काढून गाठ. दुसरीत थंड सलाईन, वेगळी गाठ. तिसरी कोरडी, तिलाही वेगळी गाठ. तिन्हींना मिळून एक गाठ मारली तर एक सुटली की सगळं उघडं पडतं.

बर्फाचा तुकडा फुफ्फुसाला कधीही थेट लागू द्यायचा नाही. बाहेरच्या बॉक्समध्येसुद्धा बर्फ कुठला हे विचारा. वितळायला लागलेला, ओला, फोडलेला बर्फ शून्यावर असतो. डीप फ्रीजरमधून आत्ताच काढलेला बर्फ किंवा जेल पॅक उणे १५ ते २० अंशांवर असतो, आणि त्याला टेकलेला पिशवीचा भाग गोठू शकतो. कोरडा बर्फ तर वर्ज्यच. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंश असतात म्हणून ‘जरा जास्त गार असू दे’ असं वाटणं साहजिक आहे. पण उन्हाळ्याचा उपाय जाड भिंतींचा बॉक्स आणि भरपूर ओला बर्फ हा आहे, जास्त थंड बर्फ हा नाही. बॉक्समध्ये तापमान नोंदवणारा छोटा डेटा लॉगर टाका. त्याची टोकाची तार फुफ्फुसाच्या पिशवीत नाही, बाहेरच्या पिशव्यांच्या मध्ये ठेवायची.

१० अंश

बर्फापेक्षा १० अंशांवर फुफ्फुसं जास्त चांगली राहतात हे प्रयोगशाळेत १९९०च्या सुमारासच दिसलं होतं. तरीही बर्फ टिकला, कारण तो सगळीकडे मिळतो आणि एकाच तापमानावर धरून ठेवणारा बॉक्स मिळत नव्हता. टोरांटोच्या गटानं हा विषय पुन्हा हातात घेतला. २०२१ साली ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये त्यांनी दाखवलं की डुकरांची फुफ्फुसं १० अंशांवर ३६ तास ठेवूनही ४ अंशांवर ठेवलेल्यांपेक्षा चांगली चालतात आणि मायटोकॉन्ड्रिया शाबूत राहतात. २०२३ साली टोरांटो, व्हिएन्ना आणि माद्रिद इथल्या ७० रुग्णांचा अभ्यास आला. रात्री काढलेली फुफ्फुसं १० अंशांवर ठेवून प्रत्यारोपण मुद्दाम सकाळी केलं. तिसऱ्या, म्हणजे सर्वात गंभीर तीव्रतेचं ग्राफ्ट डिसफंक्शन ७२ तासांनी ५.७ टक्के रुग्णांत दिसलं, तुलनेसाठी घेतलेल्या नेहमीच्या रुग्णांत ९.३ टक्के. हा फरक ‘जास्त चांगलं’ असं ठामपणे म्हणण्याएवढा नाही, शिवाय चिठ्ठ्या टाकून केलेला तो प्रयोग नव्हता. पण रात्रभर ठेवूनही वाईट झालं नाही, एवढं नक्की.

नाशिकसाठी ही बातमी मोठी आहे. आपल्याकडे दुसरी ॲप्निया टेस्ट, नातेवाइकांची संमती आणि पोलिसांचे कागद उरकेपर्यंत संध्याकाळ होते, आणि रिट्रीव्हल (अवयव काढण्याचं ऑपरेशन) मध्यरात्री. बर्फावर ठेवण्याची सहा ते आठ तासांची मर्यादा धरली तर लांबच्या शहरातला योग्य रुग्ण आपोआप यादीतून गळतो. ही मर्यादा सैल झाली तर गळणार नाही.

मात्र जुगाड करू नका. रक्तपेढीचा फ्रिज २ ते ६ अंशांचा असतो, लसींचा २ ते ८ चा. दोन्हींत १० अंश मिळत नाहीत. १० अंशांवर ठेवायचं की नाही हा निर्णय प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा, आणि त्यासाठीचा बॉक्स किंवा इन्क्युबेटरही त्यांचाच. टोरांटोच्या अभ्यासातही फुफ्फुसं आली बर्फाच्या बॉक्समध्येच, १० अंशांवर ती ठेवली गेली प्रत्यारोपणाच्या रुग्णालयात पोचल्यावर. त्यामुळे नाशिकचं काम तेच राहतं: चांगला फ्लश, योग्य हवा, बर्फाचा स्पर्श नाही.

रस्ता

नाशिकचा समन्वय पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडून होतो. अवयव कुठे जायचे ते तिथून कळलं की मागून हिशोब मांडा. क्रॉस क्लॅम्पपासून पहिल्या फुफ्फुसात रक्त सुरू होईपर्यंत, आणि मग दुसऱ्यात. फुफ्फुसं बाहेर काढून, धुऊन, बांधून होईपर्यंत साधारण एक तास. मुंबईचा रस्ता ग्रीन कॉरिडॉरनं अडीच-तीन तास. पहिलं फुफ्फुस जोडायला दीड तास, दुसऱ्याला आणखी तेवढाच. म्हणजे दुसरं फुफ्फुस सहज सहा-सात तासांवर जातं. लोक गाडीचाच वेळ मोजतात, आणि टेबलावरचे हे चार तास हिशोबातून निसटतात.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसारा घाट टळला. पुण्याच्या वाटेवर मात्र चाकणची वाहतूक कोंडी अजून तशीच आहे. तिथल्या वाहतूक पोलिसांना गाडी सिन्नर ओलांडताना नव्हे, क्लॅम्प लागतानाच कळवा. बॉक्ससोबत संमतीच्या प्रती, रक्तगटाचा कागद, क्रॉसमॅचसाठी रक्त आणि लसिकाग्रंथींचे नमुने गेलेच पाहिजेत. एक नमुना राहिला तर पूर्ण कॉरिडॉर वाया जाऊ शकतो. बॉक्स आडवा होऊ नये म्हणून पट्ट्यानं बांधा.

पोचल्यावर, आणि नंतरचा एक फोन

पलीकडे टीम फुफ्फुसं पुन्हा तपासते. शंका असेल आणि सोय असेल तर ती यंत्रावर ३७ अंशांवर चालवून पाहता येतात. टोरांटोनं २०११ साली दाखवलं की संशयास्पद फुफ्फुसं अशी चार तास तपासून वापरली तर निकाल नेहमीच्यांसारखाच लागतो. रक्त सुरू करताना क्लॅम्प हळूहळू, सुमारे दहा मिनिटांत सोडतात आणि ऑक्सिजन कमीत कमी ठेवतात, म्हणजे गळती मर्यादेत राहते.

दाता रुग्णालयाला यातलं सहसा काहीच कळत नाही. म्हणून बॉक्ससोबत एक पानाची नोंद पाठवा: शेवटची एबीजी, क्लॅम्पची वेळ, सरळ आणि उलट्या फ्लशचं प्रमाण, कुठला भाग पांढरा व्हायला वेळ लागला, स्टेपल करतानाचा दाब आणि ऑक्सिजन, बॉक्स बंद केल्याची वेळ. तळाशी एक ओळ मोकळी ठेवा, ७२ तासांनंतरच्या पीएफ रेशोसाठी. समन्वयकानं चौथ्या दिवशी फोन करून ती भरून घ्यावी. रुग्णाचं नाव विचारायचं नाही, कायदाही ते सांगू देत नाही, फक्त आकडा. तो आकडा आयसीयूच्या सिस्टरांना आणि ओटीतल्या मुलांना सांगा. पुढच्या दात्याच्या वेळी स्टँड कुणी वर घेणार नाही.